अळणीतल्या चकोल्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या

पहिल्यांदा हे पातेलं व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तेव्हा तिने चष्मा कपाळावर सारून नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं, या तर चकोल्याच की! फोडणी कुठाय?" फोडणी नव्हतीच. हळद नाही, तिखट नाही, आमसूल-गूळ तर नाहीच. दाट, फिक्या पिवळ्या रश्श्यात मैद्याच्या लांबट पट्ट्या, मध्ये कोंबडीचे सोललेले तुकडे आणि वरून भरड काळी मिरी. चिकन अँड डंपलिंग्ज. आमच्या साताऱ्याकडे मटण शिजवताना मसाला घालायच्या आधीचं जे पाणी वाटीत काढून पोरांना पाजतात त्याला अळणी म्हणतात. त्या अळणीत चकोल्या सोडल्या की काय होईल, ते म्हणजे हा पदार्थ.

मी उत्तर कॅरोलायनात राहते. इथे राज्याच्या पूर्व भागात याला चिकन अँड पेस्ट्री म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा केकच डोळ्यांसमोर आला होता. डोंगर ओलांडून टेनेसीत गेलं की डंपलिंग्ज, काही घरांत स्लिक्स, कारण पट्ट्या शिजल्यावर गुळगुळीत होऊन घशाखाली सरकतात. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांत याच जातीचा 'बॉट बॉय' करतात, त्यात चौकोनी तुकडे असतात आणि बहुधा बटाटाही. 1930च्या दशकातल्या मंदीशी हा पदार्थ जोडला जातो, एका कोंबडीत दहा तोंडं भागवायची म्हणून. पण तो त्याच्या कितीतरी आधीपासून चुलीवर होताच. मंदीने फक्त त्यात पट्ट्या वाढवल्या आणि कोंबडी कमी केली असणार, असा माझा अंदाज.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. डंपलिंग्जचे दोन पंथ आहेत. एकात सैलसर पीठ चमच्याने रश्श्यात सोडतात आणि झाकण लावून वाफेवर फुगवतात, ते इडलीसारखे हलके होतात. दुसऱ्यात पीठ लाटून पट्ट्या कापतात. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना नावं ठेवतात. मी लाटणाऱ्यांतली. आपल्या हातांना पोळपाट-लाटण्याची सवय असते, त्यामुळे नवख्या मराठी माणसाला हाच प्रकार सोपा जातो.

आणि एक विनंती. पहिल्या वेळी मसाला घालू नका. मी घातला होता. शेजारच्या आजींकडून शिकून आले आणि घरी येऊन हात राहवेना, आलं-लसूण ठेचून टाकलं, चिमूटभर हळद, वर गरम मसाला. त्यांना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी एक घास खाल्ला, थांबल्या, म्हणाल्या, "वेगळंच आहे हं." इकडच्या दक्षिणेत 'वेगळं' या शब्दाचा अर्थ काय होतो ते कळायला मला अजून वर्षभर लागलं. मसाल्याने पदार्थ बिघडला नव्हता, पण आलं-लसणाखाली अळणीची चव पार बुडाली होती, आणि या पातेल्यात तीच तर कमावलेली असते.

काय काय लागतं

पाच-सहा माणसांसाठी: सव्वा ते दीड किलोची अख्खी कोंबडी, एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचे दोन दांडे, दहा-बारा मिरे, एक तमालपत्र, मीठ. पट्ट्यांना 300 ग्रॅम मैदा (साधारण अडीच कप), एक चमचा बेकिंग पावडर, पाऊण चमचा मीठ, 50 ग्रॅम थंड लोणी किंवा कोंबडीची गोठलेली चरबी, आणि पाऊण कपाच्या आसपास बटरमिल्क. शेवटी घालायला भरपूर भरडलेली काळी मिरी. हवं तर अर्धा कप दूध.

तमालपत्र एकच का? आपलं तमालपत्र आणि इकडचं बे लीफ ही वेगवेगळ्या झाडांची पानं आहेत. आपल्या पानाला दालचिनीच्या अंगाचा वास असतो, दोन टाकली तर रस्सा पुलावाकडे झुकायला लागतो. सेलरी पुण्या-मुंबईच्या मोठ्या भाजीवाल्यांकडे मिळते, नाही मिळाली तर वगळा. तिच्याऐवजी कोथिंबीर घालू नका.

बटरमिल्कचं भाषांतर ताक असं करतात आणि तिथेच पीठ पातळ होतं. इथलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं. अर्धा कप दही पाव कप पाण्यात घुसळलं की जवळपास तेच मिळतं.

मैद्याबद्दल: दक्षिणेत हिवाळी मऊ गव्हाचं पीठ वापरतात, त्यात प्रथिनं कमी, म्हणून पीठ चिवट होत नाही. नॉक्सव्हिलमध्ये 1883 साली सुरू झालेलं व्हाइट लिली हे पीठ इकडच्या आज्या डोळे मिटून घेतात. अमेरिकेत असाल तर ब्रेडचं पीठ तेवढं टाळा. 'सेल्फ रायझिंग' लिहिलेलं पाकीट असेल तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं, वरून घालू नका. भारतात नेहमीचा मैदा चालतो. कणकेच्याही पट्ट्या होतात, पण मग त्या चकोल्याच होतात, आणि त्यांना वरणच बरं.

कोंबडी आणि अळणी

खरा स्वयंपाक इथेच आहे, म्हणून घाई करू नका.

जुन्या पद्धतीत म्हातारी कोंबडी घेत, अंडी देणं थांबलेली. तिचं मांस चिवट, पण पाण्याला जी चव आणि चिकटपणा येतो तो कोवळ्या ब्रॉयलरला येत नाही. भारतात असाल तर गावठी किंवा अंड्यांवरची लेअर कोंबडी मिळते का विचारा. फक्त दुकानदाराला आधीच सांगा, "कातडं काढू नका, चरबी फेकू नका, तुकडे मोठे ठेवा." आपल्याकडे सांगितलं नाही तर कातडं निघालेलंच असतं, आणि कातड्याशिवाय या रश्श्याला अंग येत नाही. मान आणि पायही मागून घ्या. पायांनी अळणी इतकी दाट होते की फ्रिजमध्ये गार झाल्यावर थरथरायला लागते.

अमेरिकेत पहिल्यांदा अख्खी कोंबडी घेत असाल तर तिच्या पोटात हात घालून बघा. आत बहुतेक वेळा एक पुडी असते, मान, कलेजी, पेठा यांची. मी पहिल्या वेळी ती पुडीसकट शिजवली. मान आणि पेठा अळणीत टाका. कलेजी टाकू नका, रस्सा गढूळ आणि कडवट होतो. ती तव्यावर परता आणि स्वयंपाक करणाऱ्याने खाऊन टाकावी.

मोठ्या जड बुडाच्या पातेल्यात कोंबडी ठेवा, वर अडीच लिटर गार पाणी. कांद्याचे दोन भाग, गाजर, सेलरी, मिरे, पान, दोन चमचे मीठ. आच मध्यम. उकळी फुटायच्या बेताला राखाडी फेस वर येतो, तो झाऱ्याने काढत राहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण रस्सा स्वच्छ राहतो. मग आच इतकी कमी करा की पाण्याच्या कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा. खदखदा उकळलं तर चरबी पाण्यात घुसळली जाते आणि मांसाचे धागे कोरडे पडतात.

ब्रॉयलर पाऊण तासात होते. लेअर किंवा म्हाताऱ्या कोंबडीला दोन-अडीच तास, किंवा कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 25 मिनिटं. मांडीचा सांधा ओढल्यावर सहज सुटला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात किमान 74 अंश सेल्सिअस.

कोंबडी परातीत काढा, हाताला सोसवेल इतकी निवली की मांस सोलून मोठे तुकडे करून झाकून ठेवा. हाडं आणि कातडं परत पातेल्यात टाका आणि अजून अर्धा-पाऊण तास मंद उकळू द्या. ही पायरी बरेच जण गाळतात. मांस आधी काढल्यामुळे ते चोथा होत नाही आणि हाडांतला उरलेला सगळा जीव पाण्यात उतरतो. मग गाळा. साधारण दोन लिटर अळणी हाती यायला हवी, कमी भरली तर पाणी घाला. आता चव बघा. वाटीत घेऊन नुसती प्यावीशी वाटली पाहिजे. फिकी असेल तर मीठ आत्ताच घाला, कारण पट्ट्या शिजताना हीच चव पिणार आहेत.

शक्य असेल तर इथवरचं काम आदल्या दिवशी करा. पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, रात्रभर ओट्यावर ठेवू नका. मांसही वेगळ्या डब्यात फ्रिजमध्येच. सकाळी वर पिवळ्या चरबीची चकती जमलेली दिसेल. ती उचलून घ्या, तेच पिठाचं मोहन.

पीठ

मैदा, बेकिंग पावडर, मीठ परातीत एकत्र करा. गोठलेली चरबी किंवा थंड लोणी त्यात बोटांच्या टोकांनी चोळा. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच, पण मोहन गरम नाही, गार. मूठ वळली की टिकते आणि बोट लावलं की फुटते, इतपत. मग बटरमिल्क थोडं थोडं घालत गोळा करा. पोळ्यांच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल.

आता हात आवरा. आपल्याला पीठ तिंबायची सवय आहे, दहा मिनिटं मळलं नाही तर चैन पडत नाही. इथे आठ-दहा वेळा दाबून गोळा एकसंध झाला की थांबायचं. जास्त मळलं की पट्ट्या रबरासारख्या होतात. झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास.

बेकिंग पावडर घालावी का, यावर इथे घराघरांत मतभेद आहेत. पेस्ट्री म्हणणारे घालत नाहीत, त्यांच्या पट्ट्या चपट्या आणि शेवयांसारख्या दाताला लागतात. घातली की किंचित फुगतात, मऊ होतात. मी एक चमचा घालते, नवख्यांना त्याने चूक झाकायला मदत होते. दोन चमचे मात्र नको, पट्ट्या रश्श्यात विरघळायला लागतात.

लाटणं, कापणं

गोळ्याचे दोन भाग करा. पोळपाट लहान पडतो, सरळ ओट्यावर मैद्याची पिठी भुरभुरून लाटा. जाडी तीन मिलिमीटर. पोळीपेक्षा बरीच जाड, धपाट्याच्या आसपास. त्याहून जाड ठेवली तर बाहेरून गळेल आणि आत कच्ची राहील. सुरीने किंवा शंकरपाळ्यांच्या कातण्याने दोन-अडीच सेंटिमीटर रुंद आणि बोटभर लांब पट्ट्या कापा. आकार एकसारखे नसले तरी चालतात, कडेचे वेडेवाकडे तुकडेही टाकून द्यायचे नाहीत.

पिठीला कंजुषी करू नका. पोळीला पिठी जास्त लागली तर आपण झटकतो, इथे झटकायची नाही. पट्ट्यांना लागलेली हीच पिठी रश्श्याला दाट करते. शेंगोळ्यांत कुळथाचं पीठ पाण्यात उतरून रस्सा आपोआप आळतो, तेच तत्त्व. कॉर्नफ्लोअर कालवून घालायची वेळ येत असेल तर तुम्ही पट्ट्या फार झटकल्यात.

कापलेल्या पट्ट्या ताटात एका थरात पसरा, वर पुन्हा पिठी, आणि पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवा. पृष्ठभाग जरा सुकला की रश्श्यात एकमेकींना चिकटत नाहीत. एकावर एक रचायच्या असतील तर मध्ये बटर पेपर.

पट्ट्या सोडणं

आजींच्या स्वयंपाकघरात मी चुकले ती इथेच. ताट उचललं आणि सगळ्या पट्ट्या एकदम पातेल्यात लोटायला निघाले. त्यांनी मनगट धरलं. "एकेक," म्हणाल्या. मग स्वतः उभ्या राहिल्या. एक पट्टी दोन्ही टोकांनी धरायची, हलकेच ताणायची, पाण्यावर आडवी ठेवायची. ती बुडते, तिच्यावर उकळी आली की दुसरी जागा शोधायची. चार-पाच झाल्या की लाकडी डावाच्या पाठीने वरच्यांना नुसतं खाली दाबायचं. त्यांच्या हातून सगळं ताट संपायला दहा मिनिटं लागली, आणि एवढ्या वेळात रस्सा एकदाही उकळायचा थांबला नाही.

याला कारण आहे. मैद्याची पट्टी खळखळत्या पाण्यात पडली की तिचा वरचा थर लगेच शिजून बंद होतो. सगळ्या एकदम टाकल्या तर पातेलं थंडावतं, थर बंद होत नाही, पट्ट्या चिकटून त्यांचा गोळा होतो किंवा त्यांचं खळ होतं. तर अळणी पातेल्यात आणून चांगली उकळवा, पट्ट्या एकेक सोडा, सगळ्या गेल्या की आच मंद करा, झाकण तिरकं ठेवा.

आता ढवळायचं नाही. ढवळलं की पट्ट्या तुटतात. तळाला लागेल अशी भीती वाटते, ती खरीच आहे, म्हणून दर तीन-चार मिनिटांनी पातेल्याचे दोन्ही कान फडक्याने धरून पातेलं गोल हलवायचं. फारच वाटलं तर डाव तळाशी सपाट नेऊन एकदा सरकवायचा. पातळ बुडाच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हे करू नका, किंवा खाली तवा ठेवा.

पंधरा ते अठरा मिनिटांत पट्ट्या शिजतात. एक काढून मधोमध कापून बघा. आत कोरडी पांढरी रेघ दिसली तर अजून तीन मिनिटं. शिजली की सोललेलं मांस, हवं तर दूध, आणि मिरी. पाव चमचा मिरी काहीच नाही, एक पूर्ण चमचा घाला, या पदार्थाचं तिखट म्हणजे तेवढंच. पाच मिनिटं गरम होऊ द्या, गॅस बंद, दहा मिनिटं झाकून ठेवा. हे शेवटचं थांबणं रश्श्याला आळायला लागतं. गॅस बंद करताना तो वाढायच्या दाटपणापेक्षा थोडा पातळ असला पाहिजे.

बिघडलंच तर

रस्सा पातळ राहिला तर दोन शिजलेल्या पट्ट्या वाटीत थोड्या रश्श्याबरोबर कुस्करून परत घाला. फार दाट झाला तर गरम अळणी किंवा गरम पाणी घाला, गार घातलं तर पट्ट्या वातड होतात. पट्ट्या रबरी झाल्या तर या वेळी इलाज नाही, पुढच्या वेळी कमी मळा आणि मोहन वाढवा. पट्ट्या विरघळून सगळं पेजेसारखं झालं तर मुलांना सांगा की हे चिकन सूप आहे. आमच्याकडे दोनदा खपलंय.

वेळ नसेल तर इकडच्या दुकानांत फ्रोजन पट्ट्यांचं चपटं खोकं मिळतं, थरांमध्ये कागद घातलेलं. त्यात कमीपणा नाही, इथल्या अनेक घरांत रविवारी तेच उघडलं जातं. पण अळणी तरी घरची करा. डब्यातल्या तयार स्टॉकमध्ये मीठ आधीच असतं आणि आटल्यावर खारट होतं. आधी चव घेऊन ठरवायचं असेल तर हायवेवर क्रॅकर बॅरल गाठा. 1969 साली टेनेसीतल्या लेबनन गावी सुरू झालेल्या या हॉटेलांच्या मेन्यूत लाटलेल्या डंपलिंग्ज असतात. घरच्या याहून दाट किंवा पातळ झाल्या म्हणून चुकल्या असं समजू नका.

सोबत शिजवलेली पालेभाजी, बहुतेक कॉलर्ड ग्रीन्स, आणि मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर. त्या व्हिनेगरचे चार थेंब ताटात टाकले की सगळी चव जागी होते. ते नसेल तर लिंबाची फोड चालते. दुसऱ्यांदा कराल तेव्हा हिरव्या मिरचीचा ठेचा बाजूला ठेवायला माझी हरकत नाही, मीही ठेवते. पातेल्यात मात्र घालत नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात सुरीने कापता येईल इतका घट्ट गठ्ठा मिळेल, कारण पट्ट्या रात्रभर रस्सा पीत बसतात. वाटीभर अळणी किंवा दूध घालून अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून, न ढवळता सोडवा. शिजलेलं फ्रीझरमध्ये टाकू नका, पट्ट्यांचा लगदा होतो. कच्च्या पट्ट्या मात्र पिठी लावून, कागदाच्या थरात, महिनाभर छान राहतात. त्या थेट फ्रीझरमधून उकळत्या अळणीत सोडायच्या, आधी वितळू द्यायच्या नाहीत, आणि वेळ तीन-चार मिनिटं जास्त धरायचा.